मडगार्डातला पिवळा

— नाई नाई, तिथं नका बसू रूपरावजी, त्या पाटीवर आत्ताच पत्र्याचे खळगे भरायची लांबी कालवली हाय मीनं, पायजम्याले लागली का वाळून दगड होते, मंग जलमभर घासत बसा. हे घ्या, खुर्ची घ्या. सावलीत घ्या अजून. भल्लं ऊन तापून राह्यलं यंदा, एप्रिलातच हे हाल तं मे महिन्यात काय होईन— अन् वाहणा कायले काढल्या जी? आँ? अरे बाप्पा, गाडीजवळ आले का अजूनबी वाहणा काढता तुम्ही? आता तिच्यात काय राह्यलं, शिटा काढल्या, काचा काढल्या, बंपर तिकडं भिंतीले टेकून हाय, नुसता पत्र्याचा सांगाडा— तेरा वर्सं झाले ना तुमाले तिच्यात बसून, अन् सवय काई गेली नाई. बाबूजी सांगत होते लोकाईले, आमचा डायवर देवळात शिरल्यावानी गाडीत शिरते म्हणून. घाला, घाला वाहणा, फरशी तापली हाय. राहू द्या? बरं, राहू द्या. पाणी देऊ? घरात कोणी नाई आज. आई अन् आचल लग्नाच्या पत्रिका वाटायले आष्टीले गेल्या, साडेचारच्या गाडीनं येतात. किती वाजले? सव्वातीन. हाव, वेळ हाय. हाय वेळ.

तुम्ही म्हणान, गजूभाऊ कापडाचं दुकान सोडून पेंटर कवा झाला. झालो नाई जी, होऊन राह्यलो. वर्धेले काऊन नाई नेली गाडी— सारे हेच विचारतात. एक पोचे काढणारा डेंटर आलता ना पाह्यले, गाडीभवती एक चक्कर मारली, थुंकला, अन् म्हणे भाऊ, वरूनच एक हात मारून देतो, लग्नापुरती चमकन. वरूनच! सत्तावीस वर्साची ॲम्बॅसिडर, तिच्यावर रंगाचे थर चढलेले, जागोजागी फुगे आलेले, अन् हा वरून हात मारते. म्हटलं राहू दे बाबू, मीच करतो. तं पह्यले काय येडेपणा केला सांगू? हसू नका. फवारणीचा पंप— कपाशीवर मारतात तो, पाठीवरचा— तो आणला शेजारच्या किसनरावकडून, सात पाण्यानं धुतला, अन् प्रायमर त्याच्यात भरून मारलं डिक्कीवर. प्रायमर कायचं निंघते, गोळे निंघून राह्यले! सारी डिक्की देवी आल्यावानी झाली. अन् औषधाचा वास असा, का बसल्या माश्या जागेवर पडल्या. किसनराव म्हणे, गजेंद्रा, आता तुह्या गाडीले बोंडअळी लागत नाई. मंग पुन्हा सारं घासलं. आता मशीन आणली भाड्यानं, ते पाहा कोपऱ्यात, पण चालू करायची हिंमत नाई होऊन राह्यली. रोज म्हणतो उद्या प्रायमर, अन् रोज कुठंतरी बोट फिरवलं का खळगा लागते, मंग पुन्हा लांबी, पुन्हा घासायचा पेपर. महिना झाला. लग्न आठ मेले. आचल म्हणते, दादा, तू गाडी रंगवून राह्यला का झिजवून राह्यला?

मी घासता घासता बोलतो, चालन ना? हात रिकामा राह्यला का मले बसवत नाई आजकाल. हे पाहा, इकडं या जरा— नाई, बसा, मीच सांगतो. ऐंशी नंबरच्या पेपरनं घासत गेलं का एकेक थर कसा उघडा पडते पाहा दारावर. हा वरचा पांढरा, हा बाबूजी गेल्यावर मीनं मारला. त्याच्याखाली हा दुधाच्या साईवानी, हा तुमच्या काळातला, हाव ना? अन् त्याच्याबी खाली पाहा— हिरवा. कच्च्या कैरीवानी. हा तिचा जलमाचा रंग. बाबूजीनं घेतली तवा अशी होती का? तुम्ही तं पह्यल्या दिवसापासून होते. चौदा वर्सं चालवली तुम्ही. मीनं तोच रंग कालवून घेतला वर्धेहून, डब्बा आणून ठेवला. म्हणून तं तुमाले बोलावलं, म्हटलं रूपरावजी सांगतीन, हाच का तो. हाच हाय ना? बराबर हाय? ...हाव. म्हणजे तेवढ्यासाठीच नाई बोलावलं म्हणा. आंजीहून इतक्या उन्हात, दोन गाड्या बदलून, रंग पाह्यले कोणी कोणाले बोलावते का.

तं गोष्ट अशी हाय. आचलनं हट्ट धरला हाय. म्हणते बिदाई होईन तं बाबूजीच्या गाडीतूनच, भाड्याच्या गाडीत मी बसत नाई. अन् चालवतीन रूपरावकाकाच. दुसऱ्या कोणी स्टेअरिंगले हात लावला तं मी मांडवातून उठत नाई, असं म्हणे. तुमची लाडकी ना जी ती. शाळेतून तुम्हीच आणत होते तिले, मांडीवर घेऊन हॉर्न वाजवू देत होते— बाबूजीले माहीत नव्हतं, मले माहीत होतं. अकरा वर्साची होती तुम्ही गेले तवा, आठ दिवस जेवली नाई नीट. तं येता ना? आठ मे, गुरुवार. कार्यालय हायवेलेच हाय, गाडी मीच नेऊन ठेवीन, तुम्ही फक्त थेट तिथं येजा. थेट कार्यालयातच. घरी नका येऊ. म्हणजे तसं नाई जी— घर तुमचंच हाय— पण ते... आईचं तुमाले माहीत हाय. बाबूजीच्या तेरवीले तुम्ही आलते तवा आईनं तुमाले पाणीबी नाई विचारलं, तोंड फिरवून आत गेली, ते मीनं पाह्यलं होतं. तुम्ही पंगतीत न बसताच गेले. तिचा सभाव तसा झाला हाय आता. लग्नाच्या गर्दीत तिचं ध्यान जात नाई, तुम्ही गाडीतच बसून राहा, बिदाई झाली, आचलले पोचवलं, का तसेच परस्पर— किती वाजले? साडेतीनच झाले ना? घड्याळ हळू चालून राह्यलं का मलेच असं वाटते.

काऊन हसले? हसले ना तुम्ही. काई नाई? बरं. चहा करतो मी. मले येते करता. नको? मंग हे पाहा तरी, हे दाखवल्याशिवाय मले चैन पडत नाई. आता उठाच. या, डाव्या अंगाले या, हे मडगार्ड. ओळखलं? हात लावा. हे तुमची लांबी होय. तुम्हीच आतून लाकडी मोगरीनं ठोकून पोचा काढला होता अन् तीन दिवस बसून लांबी भरली होती, या इथंच, या झाडाखाली. साऱ्या गाडीवर फुगे आले, भेगा पडल्या, पण तुमच्या लांबीले तेरा वर्सात केसाएवढी भेग नाई. त्या डेंटरले दाखवली तं तो म्हणे, कोणाचा हात हाय हा? मले वाटलं, अशीच राहू द्यावी. पण कडेले गंज दिसला, म्हणून काढत गेलो, काढत गेलो, अन् पार खाली, पत्रा आत दुमडला हाय ना तिथं— वाका जरा, दिसलं? पिवळा. टिकलीएवढा पिवळा रंग. या गाडीले कधी पिवळा मारलाच नाई रूपरावजी. मंग आला कुठून?

तुमाले माहीत हाय. तुमाले माहीत होतं. तुम्ही इतके चोख, पत्रा आरशावानी केल्याशिवाय लांबीले हात लावत नव्हते, अन् हा एवढा पिवळा तेवढा तसाच ठेवून वरून बुजवला? काऊन? मी चार दिवस झोपलो नाई हा रंग पाह्यल्यापासून. बैलगाडीचं जू लागलं म्हटलं होतं तुम्ही तवा, जू कुठं पिवळं असते? मैलाचा दगड असते पिवळा. हायवेवरचा. कारंजा रोडवरचा. — मीनं ठोकली होती गाडी. घ्या, झालं बोलून. मीनं. पोळ्याचा दिवस होता, तुम्ही सकाळी आर्वीहून सामान घेऊन आले, चाबी खिळ्याले टांगली अन् पोळा पाह्यले गेले, बाबूजी तोरणाखाली, अन् मी एकोणीस वर्साचा शहाणा— तुम्ही चोरून चोरून शिकवलं होतं ना मले, बाबूजीची सक्त मनाई असून— तं मीनं काढली गाडी. दोस्ताईले दाखवायले. वापस येताना सजवलेला बैल आडवा आला, झूल, बाशिंग, मले काई सुचलंच नाई, ब्रेकच्या जागी भलतंच दाबलं, अन् धाडकन दगडावर. आणून भिंतीले चिकटवून उभी केली, पोच्याची बाजू भिंतीकडं. अन् संध्याकाळी बाबूजीनं विचारलं तवा माह्या तोंडून निंघालं, रूपरावजी सकाळी आर्वीले गेलते ना, तवापासून हाय. असं सहज निंघालं. मीबी दचकलो.

अन् तुम्ही आंगणात उभे. बाबूजीनं विचारलं, रूपराव, हे कसं झालं? तुम्ही एकदा माह्याकडं पाह्यलं— एकदाच— अन् म्हणे, हाव बाबूजी, बाजारात बैलगाडीचं जू लागलं. मीनं तेरा वर्सं मनाले काय समजावलं माहीत हाय? का रूपरावजीनं आपलंच पाह्यलं. मले शिकवल्याचं फुटलं असतं, नोकरी गेली असती, म्हणून बोलले. पण नोकरी तं तसंबी गेली! पोच्यासाठी नाई गेली, पोचा तं तुम्ही काढून देल्ला होता. चौथ्या दिवशी बाबूजीनं मडगार्डाजवळ बसून बोटानं मापलं. जू असते छातीले, अन् पोचा गुडघ्याखाली. बाबूजी म्हणे गाडीचं काई नाई, पण चौदा वर्सात रूपराव पह्यल्यांदा माह्याशी खोटं बोलला. अन् तुमाले काढलं. तवाबी मी दारामागं उभा होतो, अन् तवाबी तुम्ही काई नाई बोलले. तुम्ही कापडी पिशवी घेऊन गेले अन् मी आत जाऊन जेवलो. पुरणपोळी होती उरलेली. मले आठवते, चांगली लागली होती. लाज वाटते मले, रूपरावजी. इतकी लाज वाटते का माहा हात पेपरवरून निंघत नाई.

...काय म्हणता? पोरगंच होता? अहो एकोणीस वर्साचा घोडा होतो मी. जाऊ द्या म्हणता? असं कसं जाऊ द्या— खरंच म्हणता? मनात काई नाई तुमच्या? माय वं. अन् मी चार दिवसापासून मरून राह्यलो का तुमाले कसं सांगू म्हणून. आंजीले ट्रॅक्टर चालवून चालवून तुमची कंबर गेली म्हणे, ते आयकलं तवाच मले... नाई, पण तुम्ही म्हणता तं झालं. हलकं वाटलं, देवाशपथ. म्हणजे आठ मेले येता! येताच ना? हे बेस झालं. आचल नाचन. पांढरा सदरा मी शिवून देतो, दुकानातलं चांगलं कापड काढून ठेवलं हाय, माप घेऊनच टाकू आता, थांबा, फीता कुठं गेला— चार वाजले का? चार. मापाले दोन मिनिटं लागतात, मंग तुमाले चारदहाची आर्वीची गाडी भेटून जाईन. हात वर करा. उंचीनं तसेच हाय तुम्ही, आंगानं उतरले. काय म्हणता? बाबूजीनं? तुमची आठवण? काढत होते का म्हणजे! सेवाग्रामच्या दवाखान्यात तं शेवटी शेवटी सारखं तुमचंच नाव, रूपरावले बोलाव, रूपरावले बोलाव, मीच गेलो ना निंघून तुमाले आण—

छाती अडतीस. बाह्या... बाह्या किती लांब पाह्यजे तुमाले?

नाई, काई नाई. आजारी माणूस, कायबी बोलते. तापात होते. ...तुम्ही असं पाहू नका माह्याकडं. त्या दिवशी आंगणातबी असंच पाह्यलं होतं तुम्ही. सांगतो. बसा, सांगतो. नाई बसत? बरं, उभे राहा. अठ्ठ्याण्णव साल, मार्च महिना. डॉक्टरनं सांगतलं होतं का आता दिवसच मोजा. बाबूजीनं मले जवळ बसवलं, हात धरला, अन् म्हणे गजू, मी लय इचार केला, रूपराव स्वतःसाठी खोटं बोलणारा माणूस नव्हे. तो कोणासाठी बोलला, हे मले त्याच्या तोंडून आयकू दे. त्याले घेऊन ये, मले त्याच्यापाशी हात जोडायचे हाय. असं म्हणे. हात जोडायचे हाय. माह्या डोळ्यात पाहून म्हणे. मले कळलं का त्याईले कळलं हाय. अर्धं कळलं हाय. मी म्हटलं हाव, आत्ता जातो. सेवाग्रामहून आंजी किती हाय जी? तासाचा रस्ता नाई. मी वर्धेच्या स्टँडवर गेलो. आंजीची गाडी लागली, माणसं बसले, गाडी गेली. मी बाकड्यावर बसून. दुसरी लागली, तेबी गेली. रस पेलो दोन गिलास. कंडक्टर मले विचारे, भाऊ, येता का? अन् मी मान हालवो. तीन तास बसलो मी रूपरावजी. काऊन म्हणजे? तुम्ही आले असते, तुम्ही बाबूजीसमोर उभे राह्यले असते, अन् त्याईनं मरता मरता मले पाह्यलं असतं— कसं पाह्यलं असतं, तेच मले डोळ्यासमोर दिसे. तं मी वापस गेलो. अन् सांगतलं, रूपरावजी येत नाई म्हणे. म्हणे, गेल्या माणसाले कायले बोलावता.

बाबूजी म्हणे, बराबर हाय त्याचं. अन् भिंतीकडं तोंड केलं. तिसऱ्या दिवशी गेले. भिंतीकडंच तोंड होतं.

आई तिथंच बसून होती तवा, पायथ्याशी. तिनं सारं आयकलं. म्हणून तेरवीले तिनं... ती अजूनबी म्हणते, माणूस मरत होता, हात जोडतो म्हणत होता, अन् चौदा वर्सं या घरचं खाल्लेला रूपराव आला नाई. पाच वर्सं झाले, दर सणाले म्हणते. अन् मी आयकतो. ताटावर बसून आयकतो. आता सारं समजलं ना तुमाले, घरी काऊन नका येऊ म्हटलं ते? मले हे सांगायचंच नव्हतं जी. मले फक्त दगडाचं सांगायचं होतं. तेवढं सांगतलं तं पुरन, असं वाटलं होतं. शिव्या द्या मले. हाणा. तो पाना पडला हाय तिथं, घ्या अन् हाणा, पण असे उभे नका राहू—

रूपरावजी? हे काय करून राह्यले? राहू द्या ना, लांबीची धूळ हाय ते, मी पुसतो— खांद्यावरचा दुपट्टा खराब होऊन राह्यला तुमचा— राहू द्या जी, कायले पुसता आता ते मडगार्ड.

कुठं चालले? रूपरावजी, थांबा, सदऱ्याचं राह्यलं— आचलले काय सांगू मी? आठ मेले... येता का नाई, एवढं तं सांगून जा. हाव म्हणा, नाई म्हणा, काईतरी बोला ना! त्या दिवशीबी तुम्ही बोलले नाई! — रूपरावजी! वाहणा! वाहणा राह्यल्या तुमच्या! अहो डांबर पाघळून राह्यलं रोडवर, पाय भाजतीन, रूपरावजी—

...

आँ? आई, आचल, तुम्ही कवा आल्या? हाव, वाहणा घेऊन मागं जायले मोटरसायकल चालू केली, अन् तशीच उभी राह्यली, जाऊ दे ते. कोण? रस्त्यानं अनवाणी? हाव आई, तेच. रूपरावजीच होते. काई बोलले का तुह्यासंग? हात जोडले? तुले हात जोडले अन् गेले? ...आचल, तू आत जा. नाई, तूबी थांब. थांब इथंच. आई, तू बस. त्या पाटीवर नको, लांबी हाय, खुर्चीवर बस. मीनं त्याईले हाकललं नाई वं, मीनं बोलावलं होतं. वाहणा त्याईच्याच होय. नको, फेकू नको, आई. हात नको लावू वाहणाईले. आधी मले सांगू दे.